धोत्र्याचा धूर आणि दम्याचा पंप

दम्याच्या आणि सीओपीडीच्या रुग्णांना दिला जाणारा इप्राट्रोपियमचा पंप मद्रासच्या चिलमीचा वारस आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले मद्रासचे वैद्यकप्रमुख जेम्स अँडरसन दम्यावर धोत्र्याचा धूर ओढायला देत. १८०२ मध्ये जनरल जेंट यांनी ही रीत ब्रिटनला नेली आणि डॉ. सिम्स यांच्या हाती दिली. पुढे दम्याच्या सिगारेटी युरोपभर खपल्या.

या कुळावर व्हिएन्नाचाही दावा सांगितला जातो. तिथले वैद्य श्टोर्क यांनी १७६२ मध्येच धोत्र्याची औषधी परीक्षा केली होती. पण त्यांचा अर्क पोटात घ्यायचा होता आणि रोख वेड व अपस्मारावर होता. धूर त्यात नाही. उलट आयुर्वेदात श्वासविकारांवर धूमपान जुनेच. अँडरसन यांना ही युक्ती स्थानिक वैद्यांकडून मिळाली असणार, हाच तर्क पटणारा. रसायनाच्या बाजूने मात्र युरोपचा हक्क मान्य करावा लागतो: १८३३ च्या सुमारास शुद्ध अॅट्रोपिन निघाले ते धोत्र्याच्याच कुळातल्या बेलाडोना या वनस्पतीतून. इप्राट्रोपियमचा रेणू त्याच घराण्यातला, देण्याची वाट मात्र मद्रासची.

आणि सगळी मेख वाटेतच आहे. या घराण्यातली औषधे असेटिलकोलिन या चेतासंदेशकाचे काम अडवतात. श्वासनलिका सैलावतात, पोटातली कळ थांबते. पण तोंड कोरडे पडते, नजर धूसर होते, छातीत धडधडते, घाम आटतो, लघवी तुंबते, बद्धकोष्ठ होतो. औषध मेंदूत शिरले तर भ्रम. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात चोरांचा धोत्रा येतो: तो अन्नातून पोटात गेलेला माणूस भान हरपून हसत राहतो आणि घर लुटू देतो. मद्रासच्या धुराचा मारा मुख्यतः छातीवर होता. इप्राट्रोपियमच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असल्याने तो मेंदूत जवळजवळ शिरतच नाही.

गोळ्यांना हे कुंपण नेहमी नसते. पोटदुखीवरचे डायसायक्लोमिन, कंपवातावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल, मूत्राशयासाठीचे ऑक्सिब्युटिनिन ही उघड भावंडे. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन आणि नैराश्यावरचे अमिट्रिप्टिलिन ही चुलत. एकेकटी निरुपद्रवी वाटली तरी त्यांचा भार एकत्र साचतो. म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम झाला की घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. आधी गोळ्यांचा डबा डॉक्टरांपुढे ठेवावा. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, जुना बद्धकोष्ठ असल्यास तसे आधीच सांगावे. घाम आटत असल्याने भर उन्हात जपावे. डायसायक्लोमिन सहा महिन्यांखालच्या बाळाला देत नाहीत. ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी मनाने एकदम बंद करू नये.

या औषधांच्या विषबाधेत ज्वर, विस्फारलेल्या बाहुल्या आणि बडबड दिसते; अशा वेळी रुग्णालय गाठावे. १८६४ मध्ये प्रागच्या क्लाइनवेख्टर यांनी अॅट्रोपिनवर कॅलाबार बीचा उतारा वापरला. त्यातले फायसोस्टिग्मिन आजही निवडक रुग्णांना देखरेखीखाली देतात. उलट कीटकनाशकातल्या ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत खुद्द अॅट्रोपिनच प्राण वाचवते. छातीतला स्राव आटेपर्यंत ते दिले जाते.

पंपालाही एक पथ्य आहे. इप्राट्रोपियमचा फवारा डोळ्यांत जाऊ देऊ नये. नेब्युलायझरचा मास्क सैल बसला तर औषध डोळ्यांवर येते आणि ज्यांना बंद कोनाच्या काचबिंदूचा धोका आहे त्यांच्या डोळ्यातला दाब झपाट्याने चढू शकतो; अशांसाठी तोंडात धरायची नळी बरी.