अनुकूलन, वनस्पतींचे

अनुकूलन, वनस्पतींचे : पाणी, उष्णता, प्रकाश, वारा, मृदा व भोवतालचे प्राणी या सर्वांशी वनस्पतीच्या रचनेचा, शरीरव्यापाराचा आणि जीवनक्रमाचा पिढ्यान्‌पिढ्या जुळून आलेला व आनुवंशिकतेने पुढे चालणारा जो मेळ, त्यास अनुकूलन म्हणतात. ऊन तापले की प्राणी सावलीला जातो आणि दुष्काळ पडला की मुलूख सोडतो. वनस्पतीला मात्र जेथे बी पडले तेथेच जन्म काढावयाचा असतो, आणि म्हणून पाण्याची, अन्नाची व संततीची सारी तरतूद तिला आपल्या देहातच करून ठेवावी लागते.

एकाच झाडात आयुष्यभरात होणारे फेरफार आणि खरे अनुकूलन यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. उन्हातली कुंडी सावलीत नेली की नवी पाने रुंद व पातळ येतात. ती पुन्हा उन्हात आणली की पहिल्यासारखी येऊ लागतात. हे तात्पुरते समायोजन होय. याउलट स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ गोटे ट्युरेसन यांनी किनाऱ्यावरची व आतल्या मुलखातली एकाच जातीची रोपे एकाच बागेत वाढवून पाहिली, तेव्हा त्यांच्यातले भेद कायम राहिले. अशा स्थानबद्ध वाणांना त्यांनी १९२२ मध्ये ‘इकोटाइप’ ही संज्ञा दिली. पुढे क्लॉसन, केक व हीसी या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात सुमारे ३०, १,४०० व ३,०५० मीटर उंचीवरच्या तीन बागांत, एकाच रोपाचे तुकडे करून ते लावण्याचा दीर्घ प्रयोग केला व त्याची फलिते १९४० मध्ये प्रसिद्ध केली. पोटेंटिला या वनस्पतीचा किनाऱ्याकडचा वाण उंचावरच्या थंडीत मरून गेला. उंचावरचा वाण सखल भागात आणला, तर तेथील सौम्य हिवाळ्यातही, जणू भोवती बर्फ पडलेले असावे तसा, तो निद्रिस्तच राहिला. पूर्वजांच्या हिवाळ्याची नोंद वनस्पतीच्या अंगी किती खोल उतरलेली असते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

‘पाणी वाचविण्यासाठी निवडुंगाने पानांचे काटे केले’ असे आपण सहज बोलतो. परंतु त्यात वनस्पतीला हेतू चिकटविला जातो आणि विद्यार्थ्यांच्या मनात कायमचा गैरसमज बसतो. वस्तुस्थिती अशी की, संततीत लहानमोठे भेद आपोआप उपजत असतात, त्यांतले जे त्या जागी निभावतात त्यांनाच अधिक बी धरते, आणि हा जमाखर्च हजारो पिढ्या चालल्यावर जे शिल्लक राहते त्याला आपण मागाहून अनुकूलन हे नाव देतो.

याचा एक पुरावा मराठी भाषेनेच जपून ठेवला आहे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, कॅक्टस कुलातला. वईनिवडुंग व त्रिधारी निवडुंग आपल्याकडचे, एरंडाच्या कुलातले. दोन्ही कुळांचा परस्परांशी निकटचा संबंध नाही, तरी शुष्कतेच्या एकाच तगाद्यापायी दोघांचीही खोडे मांसल व हिरवी झाली, पाने खुरटली किंवा लवकर गळू लागली, अंगावर काटे आले; आणि बघणाऱ्या शेतकऱ्याने दोघांनाही एकच नाव दिले. ओळख पटवावयाची असेल तर एक चीर पाडावी : आपल्याकडच्या निवडुंगातून पांढरा चीक ओघळतो, फड्यातून ओघळत नाही.

मांसल वनस्पतींच्या शरीरव्यापारातल्या सर्वांत विलक्षण तजविजेची एक आरंभीची नोंद झाली ती भारतात. कंपनी सरकारच्या सेवेत मद्रास इलाख्यात असलेले बेंजामिन हाइने यांनी १८१३ मध्ये लिहून कळविले की, पानफुटीचे पान सकाळी चाखले तर चुक्यासारखे आंबट लागते आणि दुपारपर्यंत त्याची चव पार जाते. ज्याच्या अंगणात पानफुटी आहे त्याने हा प्रयोग स्वतः करून पाहावा. त्याला उपकरण लागत नाही, फक्त पहाटे उठावे लागते. कारण असे की, बहुतेक वनस्पती पर्णरंध्रे दिवसा उघडतात व त्या वाटेने पाणी गमावतात. पानफुटी ती रात्रीच्या गारव्यात उघडते, आत आलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवते आणि दिवसा दारे लावून, उन्हाच्या साहाय्याने, त्याच साठ्यातून अन्न तयार करते. पाणी वाचते खरे, पण कोठाराला मर्यादा असल्याने वाढ मंद होते. ज्वारी, बाजरी व ऊस यांची तऱ्हा निराळी : त्यांच्या पानांत कर्बवायू आधी एका पेशीत पकडून शेजारच्या पेशीत एकवटला जातो, म्हणून कडक उन्हातही ही पिके जोमाने वाढतात.

पाणी विपुल असूनही ते पिण्याजोगे नसणे ही अवस्था खाडीकाठी आढळते. डॅनिश शास्त्रज्ञ ऑयगेन वार्मिंग यांनी १८९५ च्या आपल्या ग्रंथात जलवनस्पती, मरुवनस्पती व मध्यवनस्पती यांच्या जोडीला लवणवनस्पतींचा स्वतंत्र वर्ग मांडला, तो याच कारणाने. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि खाडीच्या गाळात मुळांना श्वसनापुरताही प्राणवायू मिळत नाही. ठाण्याच्या खाडीपासून मांडवी-झुआरीपर्यंत कांदळवनातल्या झाडांनी या दुहेरी अडचणीवर वेगवेगळे उपाय काढलेले दिसतात. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी सरळ वर येतात. ते क्षार आत घेते व पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी दुपारी त्याच्या पानावरून बोट फिरविले, तर मिठाची बारीक कचकच हाताला लागते. कांदळ मात्र बहुतेक क्षार मुळाच्या हद्दीवरच अडवितो, आणि खोडापासून कमानीसारखी आधारमुळे सोडून मऊ गाळात उभा राहतो. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते. शेवग्याच्या शेंगेसारखे लांब हिरवे अंकुर फांद्यांना लोंबतात, ओहोटीला खाली पडले तर टोकावर गाळात रुततात, आणि भरतीत पडले तर तरंगत दुसऱ्या काठाला लागतात.

सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभ्याचे सडे ही अनुकूलनाच्या अभ्यासाला याहूनही उत्तम जागा आहे. साताऱ्याजवळचे, सुमारे १,२०० मीटर उंचीवरचे कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. लागवडीच्या हिशेबाने असा कातळ म्हणजे पोटखराबा. पावसाळ्यात त्यावर पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात तोच तव्यासारखा तापतो. माती वीतभरही नाही आणि तिच्यातली नत्रद्रव्ये दर पावसाळ्यात धुऊन जातात. वर्षातून चारेक महिनेच कारभार चालणार, म्हणून येथील पुष्कळ वनस्पती त्याच मुदतीत उगवतात, फुलतात व बी टाकून संपतात. गेंदाची पांढरी बटणे व तेरड्याचे गुलाबी पट्टे हे अशांचेच. वायतुरा उरलेला काळ जमिनीतल्या कंदाच्या रूपाने काढतो. काही गवते व नेचे तर वाळून हातात चुरडावी अशी कुरकुरीत होतात, तथापि त्यांच्या पेशी जिवंत राहतात व पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होतात.

नत्राच्या टंचाईवर दवबिंदू आणि सीतेची आसवे या दोन वनस्पतींनी शोधलेला मार्ग सर्वश्रुत आहे. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब चकाकतात. त्यांवर बसलेला कीटक सुटत नाही व हळूहळू पचविला जातो. सीतेच्या आसवांना खरी मुळेच नसतात. निळसर जांभळी फुले वर डोलत असताना ओल्या मातीत त्यांच्या सूक्ष्म पिशव्या आतले पाणी बाहेर टाकून ताणलेल्या असतात, आणि दारावरच्या केसाला एखाद्या जलजीवाचा स्पर्श होताच, डोळ्याला टिपताही येणार नाही इतक्या वेगाने, तो पाण्यासह आत ओढला जातो. अशा जागी माती टाकून खत घातले तर या वनस्पतींची भरभराट होईल असे वाटण्याचा संभव आहे. होते उलट : खतावर गवत माजते आणि बुटक्या कीटकभक्षी वनस्पती त्याच्या सावलीत नाहीशा होतात.

पाणी व क्षार यांइतकाच शत्रूंचाही बंदोबस्त करावा लागतो. सह्याद्रीच्या उतारावरची, कुडाच्या भिंतींसाठी पूर्वी घरोघर वापरली जाणारी कारवी सात-आठ वर्षे केवळ पाने व काठ्या वाढविते आणि मग सारे रान एकदमच फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हा बहर २००८, २०१६ व २०२४ या वर्षी आला. दरसाल थोडे थोडे बी धरले असते, तर त्यावर जगणाऱ्या किड्यांना व उंदरांना ते कायमचे पुरले असते. इतक्या वर्षांनी एकदाच, आणि तेही खाणाऱ्यांना संपविता येणार नाही इतके बी आले, म्हणजे त्यातले पुष्कळ रुजण्यास उरते. बहरानंतर झाड मरते. वाळलेली बोंडे पुढल्या वर्षी तडतड आवाज करीत फुटतात आणि पावसाने भिजलेल्या उतारावर, जुन्या काठ्यांच्या बुडाशी, एकाच वयाची रोपे वर येतात.