परासरण : नाशिकच्या कांद्यातले व द्राक्षातले

निवडक्षम पटलातून विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे होणारे पाण्याचे वहन म्हणजे परासरण. सजीवांत हे पटल म्हणजे पेशीभोवतीचे प्रद्रव्यपटल. मेद व प्रथिने यांचे हे आवरण जेमतेम 7 ते 8 नॅनोमीटर जाड असते. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड त्यातून विसरणाने सहज जातात. साखर व क्षार यांना मात्र ठरावीक प्रथिनांतूनच वाट मिळते. पाण्यालाही अशा खास वाटा आहेत. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. परासरणाची पहिली शास्त्रीय नोंद 1748 मधली, फ्रान्सचे नॉले यांची.

प्रयोगाला लासलगाव-निफाडकडच्या लाल कांद्यासारखी वस्तू नाही. त्याच्या मांसल पापुद्र्याची जांभळी, पातळ साल काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरली की विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात. जांभळा रंग पेशीतील मोठ्या रिक्तिकेत असतो, त्यामुळे रंगवायला आयोडीनचीही गरज पडत नाही. कडेने मिठाचे पाणी सोडले की थोड्याच मिनिटांत रंगीत भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आत आकसतो. भित्तिकेची चौकट मात्र जागच्या जागी राहते. हा रससंकोच. लगेच साधे पाणी दिले तर पेशी पुन्हा भरते. मिठात फार वेळ राहिलेली पेशी भरत नाही, कारण तिचे पटल मेलेले असते.

द्राक्षात परासरणाची हीच क्रिया शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांवर उठते. मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे मणी मऊ पडून गोड होऊ लागला, की पानांत तयार झालेली साखर मण्याच्या पेशींत साठू लागते. ती निव्वळ विसरणाने येत नाही. पटलातील प्रथिने ऊर्जा खर्चून तिला रिक्तिकेत कोंडतात, तेही आत आधीच साखर जास्त असताना. तयार मण्याचा रस असा चांगलाच संहत होतो, आणि पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. घडात पाणी साचून राहिले की ते सालीच्या सूक्ष्म भेगांतून व देठाच्या बाजूने आत ओढले जाते; मुळांकडूनही एकाएकी जादा पाणी चढते. पेशीभित्तिका ताणाला पुरेनाशी झाली की साल फाटते. यालाच मणी तडकणे म्हणतात. एका मण्याचा रस शेजारच्या मण्यांवर उतरतो, बुरशी धरते आणि घड सडतो. बागलाणात लवकर छाटणी करून काढल्या जाणाऱ्या द्राक्षांना अवकाळीचा हा धोका नेहमीचा. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस निफाड भागात गारपीट झाली, पण गारेची इजा वेगळी : ती पेशी थेट चिरडते. तडकण्याला मात्र मार लागत नाही, नुसते पाणी पुरते. म्हणूनच पाऊस थांबताच ब्लोअरने घडांतले पाणी झाडण्याची घाई असते आणि प्लास्टिक आच्छादनाचा खर्च सोसण्याजोगा ठरतो. कॅल्शियम भित्तिकेतील पेक्टिन घट्ट बांधून ठेवते. त्याची फवारणी मणी लहान असतानाच उपयोगी.

बेदाणा हे त्याच मण्याचे दुसरे टोक. सालीवरचा मेणचट थर पाणी अडवतो, म्हणून घड सुकवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवतात. थराची रचना बिघडते, पाणी लवकर निघते आणि साधारण 15 टक्के ओलावा उरतो. शाळेत परासरणासाठी बेदाणा पाण्यात फुगवून दाखवतात. प्रयोग सोपा आहे, पण पुरा नाही : बेदाण्यातील पेशी मेलेल्या असतात, त्यांतली साखर बाहेर झिरपते आणि वाटीतले पाणी गोड होते. जिवंत पटलाची निवड दाखवायची तर कांद्याची सालच घ्यावी.