पगाराची तारीख

आमच्या घरात दारूबंदीची गोष्ट दोन तोंडांनी सांगितली जायची. आजोबांची ऐकून आम्ही मुलं गडाबडा लोळायचो. आजीची पुरी कधी झालीच नाही, कारण ती मधेच उठून कामाला लागायची.

आजोबांच्या लेखी तो सगळा तमाशा होता. टायरच्या ट्यूबमध्ये भरून धारावीच्या खाडीकडून येणारी हातभट्टी. साडीखाली फुटबॉलचा ब्लॅडर बांधून, दिवस भरत आल्यासारखी सावकाश चालत हवालदारासमोरून जाणारी बाई. वास मारायला कच्चा कांदा चघळत घरी परतणारे भजनी मंडळातले बुवा. आजोबा हे साभिनय करून दाखवत. ते मालवणकडून पोरवयातच लालबागेत आले, गिरणीत आधी बदली म्हणून आणि मग सांचेखात्यात कायम झाले. त्यामुळे मुंबईच्या दोन्ही दारूबंद्या त्यांनी पाहिल्या.

पहिली १ ऑगस्ट १९३९ ची. बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं आणि अबकारी खातं डॉ. गिल्डरांकडे. गिल्डर गांधीजींचे डॉक्टर आणि स्वतः पारशी. दारूच्या धंद्यात पारशांचा पैसा मोठा, म्हणून त्यांच्याच समाजानं त्यांना धारेवर धरलं. अबकारीचं बुडणारं उत्पन्न भरून काढायला शहरातल्या घरमालकांवर कर बसवला, तेव्हा ओरड आणखी वाढली. तेवढ्यात युरोपात युद्ध पेटलं, नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि बंदीतला जोर ओसरला. आजोबांची या प्रकरणावरची टिप्पणी एवढीच: “पावसाळ्यात लागली, दिवाळीत उठली.”

दुसरी मात्र मुरली. १९४९ चा कायदा आणि ६ एप्रिल १९५० पासून अख्ख्या मुंबई राज्यात पूर्ण बंदी. गृहखातं मोरारजी देसाईंकडे, म्हणजे हयगयीला जागा नाही. गिरणीच्या नाक्यावरचा गुत्ता बंद झाला.

इथून पुढे आजीची गोष्ट मला जास्त खरी वाटते, आणि त्याला कारण आहे. आजी खाणावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत रातपाळी-दिवसपाळीचे मिळून दहा-बारा गडी जेवत. लिहिता येत नव्हतं. कोणाचं किती राहिलं ते भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडलेलं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात आधी व्याजाच्या वसुलीला पठाण काठी घेऊन उभा, मग वाटेत गुत्ता आणि या दोघांच्या हातून सुटलेला माणूस खाणावळवालीकडे. तिचा नंबर तिसरा. म्हणून एकेका माणसाच्या पगारातलं किती कुठे झिरपतं हे तिला जॉबरपेक्षा नेमकं ठाऊक असायचं.

ती म्हणायची, गुत्तो बंद झालो त्या वर्षी भिंत पुसूक मिळाली. दोनदा. गावी मनीऑर्डरी वेळेवर गेल्या. समोरच्या खोलीतल्या बाईनं नवऱ्याच्या पगारातून पहिल्यांदा पितळेचा हंडा घेतला. हा पुरावा कुठल्याही आयोगापुढे टिकणार नाही, हे मला कळतं. पण दारूबंदी फसली असं ठामपणे लिहिणाऱ्यांनी पोलिसांच्या केसेस मोजल्या, भिंतीवरच्या रेघा कोणी मोजल्या नाहीत, हेही तितकंच खरं.

मग रेघा पुन्हा का चढल्या? आजीचं उत्तर एका शब्दाचं: आंटी. भायखळा, माझगाव, धोबीतलाव, वांद्रे इथल्या गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती बायकांनी घरातच अड्डे सुरू केले. काळा गूळ, नवसागर आणि हाती लागतील ती सडकी फळं घालून गाळलेली, म्हणून नाव मोसंबी किंवा संत्रा. त्याहून कडक ती खोपडी. सोबत उकडलेली अंडी आणि चणे. आजोबा जिथे जात त्या आंटीला आजी ओळखत होती, बाजारात बोलायचीही. विधवा, पदरी मुलं. धाड पडली की हवालदार मडकी फोडायचे, हप्ता पोचला की पुढचा महिना शांत. आजीला तिचा राग होता आणि तिच्याविषयी कणवही होती. तिच्या मालवणकडच्या भंडाऱ्यांचंही तसंच. पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढून माडी काढणारी माणसं एका कायद्यानं गुन्हेगार झाली, आणि नीरा विकून पोट भरा असं त्यांना सांगण्यात आलं.

श्रीमंतांचं फारसं अडलं नाही. प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळत होता, फक्त डॉक्टर ओळखीचा हवा. बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी कायद्यालाच आव्हान दिलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायद्याचा बराचसा भाग उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरचे निर्बंध रद्द केले. त्यानंतर आल्याच्या टिंक्चरला गिऱ्हाईक वाढलं म्हणे. फ्रेंच पॉलिश पिणारा एक सुतार आमच्या चाळीत होता. डोळे जाऊन तो गावी परतला. ही गोष्ट आजोबा सांगत नसत.

साठीच्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारनं बंदी सैल करायला सुरुवात केली. परमिट रूम आल्या. सत्तरीत नाक्यावर ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ अशी पाटी लागली. साखर कारखान्यांची मळी होती, तिजोरीला पैसा हवा होता आणि हातभट्टीनं माणसं मरतात हा मुद्दाही होता. तो खोटा नव्हता. पण दारू कायदेशीर झाल्यावरही विषारी दारू थांबली नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतल्याच मालवणीत शंभरावर माणसं मेली, तेव्हा मुंबईत देशीची अधिकृत दुकानं पैशाला पासरी होती. विषारी पिते ती माणसं सरकारमान्य बाटलीसुद्धा न परवडणारी असतात, हे दोन्ही बाजूंचे लोक सोयीस्कर विसरतात.

गंमत म्हणजे १९४९ चा तो कायदा अजून जिवंत आहे. नियमाप्रमाणे आजही पिणाऱ्याकडे परवाना लागतो: एका दिवसाचा, देशीला दोन रुपये, विदेशीला पाच; कारण, आरोग्य राखणं. राज्याला मद्यातून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर मिळतात. इतक्या माणसांचं आरोग्य राखणारं दुसरं खातं माझ्या माहितीत नाही.

आजीनंतर ही गोष्ट मी पुन्हा ऐकली ती चंद्रपूरकडे दिलेल्या माझ्या आत्याकडून. शेजारी वर्ध्यात १९७४ पासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरच्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून चालत नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या. बंदी लागली १ एप्रिल २०१५ ला. २०२१ मध्ये, रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर, ती उठली. अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, ही कारणं. आत्या म्हणाली, “चोरून विकतात म्हणून चोरी कायदेशीर नाही ना करत कोणी?” मी म्हटलं, आत्या, ती तुलना बसत नाही, दारू पिणं म्हणजे चोरी नव्हे. ती म्हणाली, “माझ्या डब्यातले पैसे जातात ना, मग काय नव्हे.”

मला अख्ख्या राज्यात बंदी नको आहे. मोरारजींच्या अमलानं काय केलं ते आजोबांनी पुरेसं ऐकवलंय. त्यानं हवालदाराला हप्त्याची चटक लावली आणि तुरुंगात गेली ती बहुतेक गरीब माणसं. पण ज्या गावात, ज्या वॉर्डात बायका दुकान नको म्हणतात, तिथे ते दुकान एक दिवसही राहू नये, असं मला वाटतं. त्याची सोय आपल्याकडे आहे. पाव हिस्सा बायकांनी सह्या करायच्या, त्या तपासल्या जातात आणि मग मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. साताऱ्यापासून विदर्भापर्यंत कितीतरी गावांनी बाटली आडवी केली.

मात्र गावोगावच्या या मतदानांत अट अशी असते की, झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, नवऱ्यानं घरात कोंडून ठेवलेली, मरूनही यादीत नाव राहिलेली, या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूला धरल्या जातात. मतदान सुरू असताना नाक्यावर फुकट वाटप चालतं आणि सह्या केलेल्या बायकांच्या घरी रात्री माणसं येऊन जातात. एवढं करून निम्म्याला चार मतं कमी पडली की दुकान तिथेच राहतं. आमदार निवडून यायला ही अट नाही.