मेंदूचे कवटीपार उद्दीपन
कवटी न उघडता, डोक्यावरून दिलेल्या विद्युत् प्रवाहाने किंवा चुंबकीय क्षेत्राने मेंदूच्या विशिष्ट भागाची क्रियाशीलता बदलण्याची उपचारपद्धती. विषण्णता (अवसाद) व चिरकारी वेदना हे विकार पुष्कळदा एकाच रोग्यात आढळतात व परस्परांना बळावतात. परंतु त्यांवरील या उपचाराचा विकास बव्हंशी वेगळ्या मार्गांनी झाला.

इ. स. पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस यांनी डोकेदुखीवर जिवंत विद्युत् मासा दुखऱ्या जागी ठेवण्याचा उपचार सांगितला. १८०१ मध्ये जोव्हान्नी आल्दीनी यांनी बोलोन्या येथे विषण्णतेने ग्रस्त असलेल्या एका शेतकऱ्याच्या डोक्याला विद्युत् प्रवाह दिला. १९३८ मध्ये रोम येथे चेर्लेत्ती व बीनी यांनी विद्युत् आघात उपचार सुरू केला. मात्र त्यात मुद्दाम झटका आणला जात असल्याने तो प्रस्तुत पद्धतीहून भिन्न होय.

१९८० मध्ये मर्टन व मॉर्टन यांनी टाळूवरून विद्युत् उद्दीपन साधले. पण ते वेदनादायक होते. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी ही अडचण दूर केली. डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून क्षणिक प्रबळ प्रवाह सोडल्यास बदलते चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनाअडथळा पार होते व मेंदूच्या बाह्यकात प्रवाह प्रवर्तित करते.

विषण्णतेसाठी कपाळामागील डाव्या भागाची निवड झाली (१९९५). अमेरिकेत या उपचारास २००८ मध्ये मान्यता मिळाली. वेदनेसाठी मात्र प्रेरक बाह्यक निवडले गेले. जपानमध्ये त्सुबोकावा व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तेथे शस्त्रक्रियेने विद्युत् अग्रे बसवून मेंदूतील विकृतीमुळे होणारी वेदना कमी केल्याचे दाखविले; पुढे तोच भाग वेटोळ्याने बाहेरून उद्दीपित करण्यात आला. २००० मध्ये गटिंगेन येथे नित्शे व पाउलुस यांनी क्षीण एकदिश प्रवाहाचाही परिणाम सिद्ध केला.

दोन्ही विकार असलेल्या रोग्यात कोणता भाग उद्दीपित करावा, हा प्रश्न या दुहेरी वाटचालीतून उद्भवला. वेदना शमल्याने मन हलके होते, की मन सावरल्याने वेदना सुसह्य होते, हे वेगळे करणे कठीण असते. केवळ उपचाराच्या अपेक्षेनेही दोन्हींत आराम वाटतो. म्हणून चाचण्यांत लटक्या उद्दीपनाशी तुलना आवश्यक ठरते. विषण्णतेवरील परिणामाचा पुरावा सबळ असून चिरकारी वेदनेवरील पुरावा मर्यादित आहे. डोक्यात धातूची उपकरणे असल्यास चुंबकीय उद्दीपन सामान्यतः वर्ज्य मानतात. क्वचित अपस्मारासारखा झटकाही येतो.