सर्वांनी मिळून मोजलेले आरोग्य

गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी मिळून एक अवघड काम अंगावर घेतले. आपापल्या कामाच्या गावांत आणि वस्त्यांत किती मुले जन्मली, किती दगावली आणि कशाने दगावली, याची नोंद सगळ्यांनी एकाच पद्धतीने ठेवायची. काही संस्था आदिवासी भागात होत्या, काही ग्रामीण पट्ट्यात, काही शहरी झोपडपट्टीत. त्यांचे विचार वेगळे, काम वेगळे, पैशाचे मार्ग वेगळे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ने पुढाकार घेतला आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी कागदावर जेवढी मुले मरत होती, त्याहून कितीतरी अधिक प्रत्यक्षात मरत होती. पुढे राज्य सरकारला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली.

एकट्या गडचिरोलीने हे सांगितले असते, तर तो गडचिरोलीचा प्रश्न ठरला असता. जंगल दूर, रस्ते वाईट, लोक अडाणी, अशी कारणे तयारच होती. तेरा ठिकाणांहून एकाच पद्धतीने काढलेला आकडा आला तेव्हा ही कारणे पुरेनाशी झाली. आरोग्य आणि समाजसेवेसाठी उभ्या राहणाऱ्या स्थानिक आघाड्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या वाचकाचे स्वागत मी मुद्दाम या अहवालाच्या आठवणीने करतो आहे. आघाडी म्हटले की आपल्याला मोर्चा, निवेदन, फार तर एखादी संयुक्त परिषद आठवते. मला वाटते, या सगळ्याच्या आधी आणि याहून खोलवर एक गोष्ट असते. वेगवेगळ्या पायरीवर उभी असलेली माणसे एकच वास्तव मिळून मोजतात आणि तो आकडा चारचौघांत मांडतात. ज्या आघाड्यांनी हे केले त्या टिकल्या, किंवा मोडल्या तरी मागे काही ठेवून गेल्या.

मुळात आघाडीची गरज का पडते? मेळघाटातले एखादे कमी वजनाचे मूल घ्या. त्याचा आहार अंगणवाडीकडे, म्हणजे महिला व बालविकास विभागाकडे. त्याचे लसीकरण आणि आजारपण उपकेंद्राकडे. पिण्याचे पाणी ग्रामपंचायतीकडे, रेशन पुरवठा विभागाकडे, आईबापांची मजुरी रोजगार हमीकडे. दिवाळीनंतर घरातले सगळे कामाच्या शोधात बाहेर पडले की होळीपर्यंत ते मूल यांपैकी कोणाच्याच वहीत नसते. यातला प्रत्येक कर्मचारी आपापले काम चोख करू शकतो आणि तरीही मूल हातचे जाऊ शकते. या फटी कोणत्याही एका विभागाच्या अखत्यारीत येत नाहीत. त्या फक्त त्यांनाच दिसतात, जे त्या मुलाच्या घराजवळ राहतात. म्हणून गावातली माणसे, सरकारी कर्मचारी, संस्था आणि जमेल तिथे खासगी डॉक्टर यांनी आपले वेगळेपण न सोडता एका ठिकाणच्या आरोग्याची जबाबदारी मिळून घेणे, एवढी साधी व्याख्या आपल्याला सुरुवातीला पुरेल.

या विषयाचा महाराष्ट्रातला इतिहास जामखेडपासून वाचावा, असा माझा आग्रह आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. दवाखान्यासाठी त्यांना गुरांच्या जुन्या दवाखान्याची इमारत मिळाली. गावोगाव प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा पहिला बेत फसला. परक्या गावात राहणे त्यांना जड जाई आणि गावही त्यांचे ऐकेना. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. निवडलेल्यांपैकी बहुतेक जणी निरक्षर होत्या, अनेक जणी दलित. त्यांना बाळंतपण, जुलाब, ताप, क्षयरोग यांचे शिक्षण मिळाले, पण त्यांचा शब्द गावात चालावा यासाठी तेवढे पुरेसे नव्हते. तिथे शेतकरी मंडळे आणि नंतर महिला मंडळे उभी राहिली. वेगवेगळ्या जातींची माणसे त्या बैठकांना एकत्र बसू लागली. गावात कोण आजारी आहे, कोणाचे मूल वाळते आहे, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, याची चर्चा दवाखान्याच्या भिंतीबाहेर आली.

१९७२ च्या दुष्काळात याची खरी कसोटी लागली. पाण्यासाठी कूपनलिका घ्यायच्या होत्या. जागा अशा निवडल्या गेल्या की अनेक गावांत हातपंप दलित वस्तीत आला. पाणी हवे असेल तर सगळ्या गावाने त्या वस्तीत यायचे. आरोग्याच्या पुस्तकांत हा प्रसंग पाणीपुरवठ्याच्या प्रकरणात सापडतो. मी तो आघाडीच्या प्रकरणात घालीन. कारण त्यानंतर त्या वस्तीतल्या आरोग्य सेविकेला इतरांच्या उंबऱ्याआत जाऊन बाळाचे वजन करणे थोडे सोपे झाले असणार. १९७१ मध्ये त्या भागात जन्मणाऱ्या दर १,००० बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या दोन दशकांत हे प्रमाण झपाट्याने खाली आले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवांवर जे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण आहे, आणि १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेच्या विचारावर अशा प्रयोगांची छाया आहे. एवढ्या कौतुकानंतर जामखेडची गोष्ट दोन कर्तबगार डॉक्टरांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. त्यांची कर्तबगारी वादातीत आहे. तरी अभ्यासकाने त्या मंडळांच्या बैठकांकडे अधिक वेळ पाहावे, कारण डॉक्टर बदलतात आणि बैठक चालू राहिली तर काम चालू राहते.

याच काळात डॉ. नोशीर अंतिया यांनी रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ मांडव्याला असाच प्रयोग केला. गावातल्याच बायकांना थोडके शिक्षण देऊन सुमारे ३० गावांची प्राथमिक सेवा त्यांच्या हाती दिली. काम चांगले झाले. पण स्थानिक राजकीय पुढारी आणि यंत्रणा यांचा विरोध वाढत गेला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. बायका शिकल्या, लोकांचे पैसे वाचू लागले, प्रश्न विचारले जाऊ लागले, आणि ज्यांच्या हातून सत्ता निसटत होती त्यांना हे रुचले नाही. अंतियांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले, हे त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. फसलेल्या प्रयोगांचे असे प्रामाणिक लेखन या क्षेत्रात फार थोडे आहे. जामखेड आणि मांडवा शेजारी ठेवून वाचले की एक अप्रिय प्रश्न समोर येतो: गावातल्या बलवानांना आघाडीत घ्यावे की बाहेर ठेवावे? घेतले तर ते ताबा घेतात, बाहेर ठेवले तर मोडून टाकतात. याचे एकच एक उत्तर कोणत्याही सिद्धांताने दिलेले नाही. प्रत्येक ठिकाणी ते नव्याने शोधावे लागते.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि चित्र बदलले. आता आघाडीची कल्पना सरकारी आराखड्यातच लिहिली गेली. गावाची आरोग्य समिती, प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती, गावासाठी वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी. बहुतेक ठिकाणी समितीची नावे कागदावर आली आणि तिथेच राहिली. पण २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. या प्रक्रियेचे काम मला महाराष्ट्राची या क्षेत्रातली सर्वांत मोलाची देणगी वाटते. पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्य पातळीवर समन्वय करीत होती, मेळघाटात ‘खोज’, पुणे जिल्ह्यात ‘मासूम’ अशा स्थानिक संस्था आणि संघटना गावपातळीवर. गावातली समिती एक प्रश्नावली घेऊन बसायची. नर्सबाई किती वेळा येतात? लसीकरण होते का? आरोग्य केंद्रात औषध मिळते की बाहेरची चिठ्ठी दिली जाते? पैसे मागितले जातात का? उत्तरांवरून आरोग्य अहवाल कार्ड बनायचे, आणि ते रंगात असायचे: हिरवा म्हणजे चांगले, पिवळा म्हणजे बरे, लाल म्हणजे वाईट. ज्याला वाचता येत नाही त्यालाही लाल चौकोन कळतो. कार्ड गावात सगळ्यांना दिसेल असे लागायचे.

मग जनसुनवाई. समोर लोक, मंचावर तालुका आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी, पंचायतीचे सदस्य. एखादी बाई उठून सांगते की बाळंतपणासाठी नेले तेव्हा केंद्राला कुलूप होते. अधिकाऱ्याला तिथेच उत्तर द्यावे लागते आणि काय करणार, कधी करणार हे नोंदवले जाते. हे कोर्ट नव्हे, इथे शिक्षा होत नाही, पण शेकडो माणसांदेखत दिलेला शब्द फिरवणे कठीण असते. सुरुवातीला डॉक्टर आणि कर्मचारी या सभांना घाबरत, काही ठिकाणी चिडत. ते स्वाभाविक होते. हळूहळू असेही दिसू लागले की वैद्यकीय अधिकाऱ्याच्या व्यथाही याच मंचावर बाहेर येतात. औषधे जिल्ह्याहून आलीच नाहीत, पद दोन वर्षे रिकामे आहे, गाडीला चालक नाही. ज्या दिवशी गाव आणि डॉक्टर मिळून वरच्या कार्यालयाला पत्र लिहितात, त्या दिवशी तिथे आघाडी जन्मली असे मी समजतो. प्रक्रिया पुढे आणखी जिल्ह्यांत गेली आणि तिच्या नावात ‘नियोजन’ही जोडले गेले, म्हणजे देखरेख करणाऱ्यांनी निधी कशावर खर्च करायचा हेही सुचवायचे.

यातली अडचणही वाचकाने पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. देखरेखीचा पैसा ज्या सरकारकडून येतो, त्याच सरकारच्या कामावर देखरेख करायची असते. निधी उशिरा येतो, कधी आटतो. त्या महिन्यांत बैठका थांबल्या की पुन्हा उभ्या करताना दुप्पट श्रम पडतात. आणि सगळ्यांत मोठे ओझे आशा कार्यकर्तीवर पडते. समितीत ती असते, याद्या ती करते, घरोघर ती फिरते, लोकांचा रागही तीच झेलते, आणि तिचे मोल मानधनावर ठरते. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा लोकसहभागावर भाषणे देणाऱ्या अनेकांनी त्याकडे कामगार प्रश्न म्हणून पाहिले. माझ्या मते तो आघाडीच्या पायाचाच प्रश्न आहे. जिच्या खांद्यावर सगळी रचना उभी आहे, तिला पुरेसे वेतन न देता सहभागाचे गोडवे गाणे अन्यायाचे आहे, आणि यावर अभ्यासकांनी स्पष्ट बोलले पाहिजे.

शहरात ही रचना फार विरळ होते. धारावीत २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा जी-उत्तर विभागातल्या महापालिका अधिकाऱ्यांनी वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना, स्वयंसेवी संस्थांना आणि स्थानिक कार्यकर्त्यांना बरोबर घेतले. लोकांचा त्या डॉक्टरांवर वर्षानुवर्षांचा विश्वास होता, म्हणून तपासणीला माणसे पुढे आली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले. त्या यशात सहकार्य किती आणि साथीच्या कायद्याचे बळ किती, हे वेगळे करून पाहणे अजून बाकी आहे. संकट सरल्यावर त्यातले नेमके काय उरले, हाही अभ्यासाचा विषय आहे.

परदेशातले सिद्धांतलेखन या क्षेत्रात भरपूर आहे. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाच्या पायऱ्या मांडल्या. फ्रान्सिस बटरफॉस आणि मिशेल केगलर यांनी २००२ मध्ये आघाड्या कशा घडतात, स्थिरावतात आणि संस्थारूप घेतात याची मांडणी केली. ते जरूर वाचावे. मात्र त्यातले बरेचसे चिंतन अशा समाजात घडले आहे जिथे एका टेबलाभोवती बसणे ही पहिली पायरी समजली जाते. आपल्याकडे अनेक गावांत जातीमुळे, बाईपणामुळे तीच शेवटची पायरी ठरते. मोजमापाची अडचण मात्र सगळीकडे सारखी आहे. ‘सर्च’ने नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग ३९ गावांत केला, तुलनेसाठी दुसरी गावे ठेवली, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढे ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी तीच सेवा आपापल्या ठिकाणी उभी केली, आणि २०११ पासून ती आशांमार्फत देशभर गेली. सेवेचा परिणाम असा मोजता येतो. सात संस्थांमधला परस्परविश्वास मोजायला अशी तराजू नाही. त्यासाठी बैठकांची इतिवृत्ते, भांडणांच्या नोंदी आणि सोडून गेलेल्यांच्या मुलाखती लागतात. तरुण अभ्यासकांनी हे कष्टाचे काम अंगावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यांच्यासाठी एक काम तर समोरच वाट पाहत आहे. गावाच्या आधारावर उभ्या असलेल्या या सगळ्या रचनेतून ऊसतोड कामगार सुटतात, कारण वर्षातले पाच-सहा महिने ते गावात नसतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. या बायकांसाठीची आघाडी दोन टोकांना उभी करावी लागेल: एक टोक बीडच्या गावात, दुसरे कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्याच्या तळावर. तिच्यात दोन्हीकडच्या आशा हव्यात, साखर कारखाना हवा, मुकादम हवा, अंगणवाडी आणि शाळा हवी, आणि बायका स्वतः हव्यात. गाळप हंगाम सुरू होण्याआधी गावातून निघणाऱ्या गरोदर बायकांची आणि लहान मुलांची यादी कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्रात पोहोचावी, आणि हंगाम संपल्यावर तिथल्या नोंदींसह ती गावाकडे परत यावी.