काकांचा डावा पाय

"आता क्लच दाबवत नाही रे. काढून टाकू गाडी," असं काका म्हणाले तेव्हा मला त्यांच्या पायापेक्षा गाडीचाच संशय आला. गाडी म्हणजे महिंद्राची जीप, सीजे-३बी, उंच बॉनेटवाली.

आता थोडा इतिहास. १९४५ साली मुंबईत 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दुसरंही महिंद्राच आलं. याच कंपनीने विलीज जीप आधी इथे जोडली, मग बनवली. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ ला बंद झाली, आपल्याकडे पुढेही कितीतरी वर्षं निघत राहिली. क्लचची जोडणी मात्र थेट महायुद्धातल्या एमबी जीपच्या घराण्यातली. ना तेल, ना सिलिंडर, नुसतं लोखंड!

ही जोडणी मला भलतीच हुशार वाटते. इंजिन रबरावर बसलेलं, ते थरथरणार. चासी खड्ड्यात पिळवटणार. म्हणून पॅडलचा जोर एका आडव्या नळीमार्फत जातो. नळीचं एक टोक चासीवरच्या गोळ्यावर, दुसरं गिअरबॉक्सकडच्या. कोणीही हललं तरी नळी सांभाळून घेते, आणि तिच्या दांड्याला लावलेली छोटी केबल क्लचचा फोर्क ओढते. फक्त गोळ्यांना ग्रीस हवं.

ते बहुधा कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. गाडीखाली आडवा झालो तर एक गोळा गंजून जाम आणि दुसरा झिजून चपटा. झिजेमुळे पॅडलची अर्धी चाल वाया जायची, गिअर करकरायचे. मग कुणा मिस्त्रीने केबल आवळली. इतकी, की पॅडलला मोकळी चाल उरलीच नाही. बेअरिंग सतत घासत राहिलं. (हा मिस्त्री दहा वर्षांपूर्वी मीच होतो. असो.)

नवे गोळे, त्यांच्या वाट्या, बेअरिंग, भरपूर ग्रीस. शेवटी साधारण इंचभर मोकळी चाल ठेवली. दोन रविवार गेले.

काकांनी पॅडल दाबलं. पुन्हा दाबलं. बराच वेळ गप्प बसून राहिले. मग म्हणाले, "चावी राहू दे माझ्याकडेच."