बाळंतिणीच्या घरच्या सहा फेऱ्या

अलिबाग असो की श्रीवर्धन, दवाखान्यात बाळंत झालेली बाई घरी आली की आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिच्याकडे जायचं असतं. देशभर हा नियम 2011 साली झाला, पण त्याचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 ते 1998 या काळात 39 गावांतल्या बायकांनाच तयार केलं. बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन घ्यायचं, मिनिटभर श्वास मोजायचे, साठ भरले तर सावध व्हायचं, जंतुसंसर्ग दिसला तर घरीच इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, या सेवेविना राहिलेल्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी घटले. खर्च आला बाळामागे सुमारे 5.3 डॉलर.

आता बाळंतपणं दवाखान्यातच होतात, मग फेऱ्या कशाला, असं विचारलं जातं. पण दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळते आणि नवजाताचा धोका महिनाभर असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यातून सरकारी तिजोरीत परत काय येतं? अमेरिकेत एल्मायरा इथे परिचारिकांच्या घरभेटींचा जो प्रयोग झाला, त्याचा हिशेब रँड संस्थेने 2005 साली मांडला. अडचणीतल्या कुटुंबांवर खर्चलेल्या डॉलरमागे सरकार आणि समाज मिळून 5.70 डॉलर परत आले, बऱ्या स्थितीतल्यांमागे जेमतेम 1.26. अशाच घरभेटींच्या इंग्लंडमधल्या चाचणीत तर 2016 साली मुख्य निकषांवर फायदा दिसलाच नाही, बहुधा तिथे सरकारी परिचारिका आधीपासूनच प्रत्येक घरी जात होती म्हणून. म्हणजे जिथे दुसरं कोणी पोचत नाही, तिथेच भेटीचं मोल मोठं. आपल्याकडे आजारपणाचा बराचसा खर्च घरचेच सोसतात, त्यामुळे बचतही आधी त्यांच्याच खिशात राहते. तिजोरीत दिसली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

रायगडात याचा अर्थ सरळ आहे. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि वाडीच्या यादीतली बाळंतीण आशाताईला सापडत नाही. फेऱ्या भट्टीपर्यंत गेल्या पाहिजेत, आणि त्या फुकट होणार नाहीत. 2011च्या नियमात सहा फेऱ्यांचे मिळून 250 रुपये ठरले, म्हणजे फेरीला 42 रुपयांच्या आत. तेही आई आणि बाळ बेचाळिसाव्या दिवशी सुखरूप असतील तरच. या सेवेच्या स्वस्ताईचा मोठा वाटा आशाताईच्या श्रमांतून निघतो. लांबच्या वाडीला आणि भट्टीला जाणाऱ्या आशाताईला प्रवासखर्च आणि जास्त मोबदला जिल्हा परिषदेने वेगळा द्यावा.